हिरडीखालचे हाड कोण झिजवते? एका प्रश्नाचा १९६५पासूनचा मागोवा

दाताचे मूळ जबड्याच्या हाडातील ज्या खोबणीत बसलेले असते, त्या खोबणीची कड पायोरियात वर्षानुवर्षे मागे सरत जाते आणि आधार सुटलेला दात जराही कीड न लागता हलू लागतो, हे दंतवैद्यांना एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होते. ते हाड नेमके कोण नाहीसे करते, या प्रश्नाचे उत्तर मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुकड्यातुकड्यांनी हाती आले. त्याची दिशा सुरुवातीच्या अपेक्षेच्या जवळजवळ उलट निघाली, कारण हाड जिवाणू खात नाहीत, तर जिवाणूंच्या सान्निध्यात शरीरच ते विरघळवते, असे त्यातून स्पष्ट झाले.

या शोधाचा पाया १९६५मध्ये डेन्मार्कमधील आरहूस येथे घातला गेला. हराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्णपणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या आणि दात पुन्हा स्वच्छ होऊ लागताच ती सूज ओसरली. दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, हेच हिरड्यांच्या दाहाचे कारण आहे, हे या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध केले. सुजलेली हिरडी पुढे हाड गमावतेच का, हा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. त्यासाठी ल्यो यांच्याच गटाने श्रीलंकेच्या चहामळ्यांतील ४८० मजुरांची १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षे पुन:पुन्हा तपासणी केली. या मजुरांना दंतोपचार मिळत नव्हते आणि दात घासण्याची सवयही नव्हती, त्यामुळे प्लाक आणि दगडासारखे कडक झालेले कीटण सर्वांच्याच दातांवर भरपूर होते. तरीही १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ८ टक्के जणांत दाताचा आधार झपाट्याने नष्ट झाला, ८१ टक्क्यांत तो मध्यम गतीने कमी झाला आणि ११ टक्के जणांत रोग हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. उपचारांपासून वंचित राहिलेल्या या माणसांच्या तोंडांनी विज्ञानाला फार मोलाची गोष्ट शिकवली, आणि तिचे ऋण मान्य करायला हवे: अस्वच्छता सारखी असूनही हानी वेगवेगळी असेल, तर तो फरक माणसाच्या शरीरातही शोधावा लागतो.

तो शोध प्रयोगशाळेत आधीच सुरू झाला होता. शरीरात दाहाच्या वेळी तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन ही स्निग्ध द्रव्ये हाडाची झीज घडवतात, हे क्लाइन आणि राइझ यांनी १९७०मध्ये दाखवले. दोनच वर्षांनी होर्टन, राइझ, मर्गेनहेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी दातांवरच्या थरातील घटकांच्या संपर्कात वाढवल्या आणि त्या पेशींनी सोडलेला द्रव हाडाच्या तुकड्यांवर घातला, तेव्हा हाड विरघळू लागले. त्या द्रवातील अज्ञात घटकाला ऑस्टिओक्लास्ट उद्दीपित करणारा घटक असे नाव मिळाले. हाडाला चिकटून आम्ल स्रवणारी, त्या आम्लाने खनिज विरघळवणारी आणि उरलेला कोलॅजनचा सांगाडा विकरांनी तोडणारी, अनेक केंद्रकांची मोठी पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. तो घटक मुख्यत: इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहाचे प्रथिनच आहे, हे १९८५मध्ये उलगडले. पायोरियाच्या इतिहासात १९७२चा हा प्रयोग जितका ठळकपणे सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही. जिवाणू आणि हाड यांच्यामध्ये माणसाची स्वत:ची पेशी उभी आहे, हे प्रथम त्याने दाखवले.

काढलेल्या दातांच्या आणि ऊतींच्या निरीक्षणांचाही या चित्राशी मेळ बसत होता. वेरहाउग यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या मोजमापांत जिवाणूंच्या थराचे टोक हाडाला भिडलेले आढळत नाही, दोहोंत अर्ध्या मिलिमीटरपासून सुमारे पावणेतीन मिलिमीटरपर्यंत अंतर राहते, असे दिसले. हाडाची ही माघार म्हणजे संसर्ग हाडात शिरू नये यासाठी शरीराने मोजलेली किंमत आहे, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. तो ग्राह्य मानला, तर पायोरिया हे संरक्षणाचे अपयश न राहता संरक्षणाचा अतिरेक ठरतो.

दाहाची प्रथिने ऑस्टिओक्लास्टपर्यंत आपला आदेश कसा पोहोचवतात, हे कोडे १९९७ आणि १९९८ या दोन वर्षांत सुटले, आणि तेही दंतविज्ञानाबाहेर. अमेरिकेतील ॲमजेन कंपनीच्या संशोधकांना ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन सापडले; ज्या उंदरांत ते जास्त तयार होई त्यांची हाडे विलक्षण दाट होत. त्यानंतर हे प्रथिन ज्याला जखडून ठेवते तो संदेशरेणू या गटाने आणि जपानमधील स्नो ब्रँड या दुग्धव्यवसायातील कंपनीच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे ओळखला, तोच रँकल. ऑस्टिओक्लास्टच्या पूर्वज पेशींवरील रँक या ग्राहकाला रँकल जुळला की त्या पेशी एकमेकींत विलीन होऊन पूर्ण ऑस्टिओक्लास्ट बनतात, आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन रँकलला वाटेतच अडवून ही घडण रोखते. या दोहोंच्या प्रमाणावर हाडाचे भवितव्य ठरते.

हिरड्यांच्या रोगाशी हा धागा २०००मध्ये टेंग आणि सहकाऱ्यांनी जोडला. स्वत:ची प्रतिकारयंत्रणा नसलेल्या उंदरांत त्यांनी रुग्णांच्या रक्तातील पेशी रुजवल्या आणि त्यांच्या तोंडात रोगकारक जिवाणू सोडले. मानवी टी पेशींनी रँकल निर्माण केला, जबड्याचे हाड घटले, आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन टोचल्यावर ती घट लक्षणीय प्रमाणात कमी झाली. रोगग्रस्त मानवी हिरडीत रँकलचा मोठा पुरवठा टी आणि बी या लसिका पेशींकडूनच होतो, हे २००६मध्ये कावाई आणि सहकाऱ्यांनी दाखवले. शिवाय हाड घडवणाऱ्या पेशींचे कामही दाहामुळे मंदावते, म्हणून झिजलेले हाड निरोगी सांगाड्यात जसे पुन्हा भरून येते तसे येथे येत नाही.

या वाटचालीत जिवाणू मागे पडले, असे समजणे चुकीचे ठरेल. हाजीशेन्गालिस आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये दाखवले की पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू अगदी अल्प संख्येने असूनही उंदरांच्या तोंडातील सामान्य जिवाणूसमूहाची वाढ आणि घडण बदलतो, आणि ती बदलल्यावरच हाड घटते. इतर कोणतेही जिवाणू नसलेल्या उंदरांत मात्र एकट्या त्याच्यामुळे हाडाची हानी झाली नाही. प्रतिकारयंत्रणेला फसवून तो इतरांना मोकळीक देतो, आणि बिघडलेल्या समूहाला उत्तर देता देता शरीर स्वत:चेच हाड गमावते.

एवढे समजल्यावर औषधाने झीज थेट का थांबवू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. प्रोस्टाग्लँडिन रोखणाऱ्या फ्लर्बिप्रोफेनने बीगल कुत्र्यांतील हाडाची घट मंदावल्याचे १९८५मध्ये दिसले होते, आणि रँकलला जखडणारे डेनोसुमॅब २०१०मध्ये अमेरिकेत हाडे ठिसूळ होण्याच्या विकारासाठी मान्यही झाले. पण ते सर्व सांगाड्यावर परिणाम करते, क्वचित जबड्याच्या हाडाचा एखादा भाग मृत होण्याची गुंतागुंतही त्यातून उद्भवते, आणि हिरडीखालचा प्लाक त्याने हटत नाही. म्हणून दाताच्या मुळावरील थर आणि कीटण खरवडून काढणे हाच आजही उपचाराचा गाभा आहे. त्यानंतर दाह ओसरतो आणि हाडाची झीज थांबू शकते, जरी गेलेले हाड बहुतांश परत येत नसले तरी.