रक्तदाबाची गोष्ट – भाग ६ : हृदय स्वतःच औषध सोडतं तेव्हा

वाढलेल्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं रक्त ढकलून हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. टूडी एकोच्या रिपोर्टवर 'एलव्हीएच' लिहिलेलं असतं ते हेच. आखाड्यातल्या दंडासारखं मिरवावं असं हे स्नायू वाढणं नव्हे. भिंत ताठरते, दोन ठोक्यांच्या मध्ये नीट सैलावत नाही, कप्पा पुरता भरत नाही. मात्र हृदय हे सगळं निमूट सोसत नसतं.

कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना शिरेतून टोचला. काही मिनिटांतच लघवी आणि तिच्यातलं सोडियम कित्येक पटींनी वाढलं, रक्तदाब उतरला. खालच्या कप्प्यांच्या अर्कानं असं काही झालं नाही. १९८१ साली हे प्रसिद्ध झालं आणि केवळ पंप समजलं जाणारं हृदय संप्रेरकही स्रवतं, हे मान्य करावं लागलं. तो पदार्थ म्हणजे २८ अमिनो आम्लांची साखळी, एएनपी. कप्प्याची भिंत ताणली गेली की तो रक्तात उतरतो. त्याचा भाऊबंद बीएनपी १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडला, पण तो मुख्यतः तयार होतो हृदयातच.

मग एएनपी भिंतीचं जाड होणं रोखतो, ते निव्वळ दाब उतरवल्यामुळे का? या प्रश्नाची उकल मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते. एएनपीचा ग्राहकरेणू जन्मतःच नसलेल्या उंदरांचा दाब वाढतो, हृदयही मोठं होतं. ऑलिव्हर स्मिथीज यांच्या प्रयोगशाळेत अशा उंदरांना दाबाची औषधं देऊन दाब सामान्य पातळीवर आणला. हृदय तरीही मोठंच राहिलं. पुढे, २००३ मध्ये, जर्मन संशोधकांनी हा ग्राहकरेणू फक्त हृदयाच्या स्नायूपेशींतून काढला. त्या उंदरांचा दाब नेहमीपेक्षा थोडा कमीच होता, आणि तरी हृदय किंचित जाड झालं! म्हणजे हा पदार्थ मूत्रपिंडाला आणि रक्तवाहिन्यांना हुकूम सोडतोच, शिवाय ज्या पेशींतून निघतो त्यांचीच वाढही रोखून धरतो. बीएनपीचं काम थोडं वेगळं: तो नसलेल्या उंदरांच्या हृदयात दाब न वाढताही तंतुमय व्रण पडतात.

म्हणून रिपोर्टमध्ये बीएनपी वाढलेलं दिसलं की त्यालाच शत्रू समजू नये. ताणलेलं हृदय आपल्या परीनं करत असलेल्या प्रतिकाराची ती खूण आहे. अर्थात तो प्रतिकार तोकडा पडतो. रक्तातल्या बीएनपीचा बराच भाग न कापलेल्या, कमी प्रभावी कच्च्या रूपात असतो, आणि तयार झालेल्याचे तुकडे करायला नेप्रिलायसिन नावाचं विकर टपलेलंच असतं.

त्या विकराला अडवणारं सॅक्युबिट्रिल आज व्हाल्सार्टनच्या जोडीनं हृदयविकलतेत देतात. जोडी लागते, कारण तेच विकर दाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनचाही नाश करतं. सॅक्युबिट्रिल एकटंच दिलं तर तेही साचेल; व्हाल्सार्टन त्याचा परिणाम रोखतं. ही गोळी सुरू झाली की बीएनपीचा आकडा चढू शकतो. तब्येत सुधारत असतानाही! त्यामुळे अशा रुग्णांसाठी डॉक्टर एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी पसंत करतात, कारण कच्च्या रूपातून बीएनपी कापला जाताना सुटणाऱ्या या दुसऱ्या तुकड्याला नेप्रिलायसिन हात लावत नाही.