गाडीतलं 'कपलर' आणि त्याचं वाढतं मार्केट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ही या एपिसोडची लेखी आवृत्ती. माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कापलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या स्कूटरपासून. मागच्या पावसाळ्यात ती भर सिग्नलला बंद पडली. ढकलत गॅरेजवर नेली. बॅटरी ठीक, पेट्रोल ठीक. मेकॅनिक दादांनी पुढचं कव्हर उघडलं, वायरिंगच्या जुडग्यातून अंगठ्याएवढं पांढरं प्लॅस्टिक बाहेर ओढलं आणि म्हणाले, "कपलर कळकलंय." आतल्या पिनांवर हिरवट थर. ब्रशने घासलं, परत खटकन बसवलं, स्कूटर चालू!

कंपन्या ज्याला कनेक्टर म्हणतात, त्याचंच गॅरेजमधलं नाव कपलर. या वस्तूचं मार्केट जगभर वाढतंय. किती, ते सांगणारे रिपोर्ट ढिगाने मिळतात आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून आपण आकड्यापेक्षा कारण बघू.

कारण तसं साधं आहे. गाडीत जे काम आधी हाताने, तारेने किंवा स्प्रिंगने व्हायचं, ते आता विजेवर आलंय. काच खालीवर करायचं हँडल आठवतंय? त्याच्या जागी मोटर आली. मग मोटरला एक कपलर, बटणाला एक, आणि दरवाजातली वायर बॉडीत शिरते तिथे अजून एक. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं आणि बहुतेक बाइकमधून जुना कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. इंजेक्शन आलं की सेन्सर आले, आणि प्रत्येक सेन्सरच्या शेपटीला एक कपलर. थोडक्यात, गाड्या तेवढ्याच विकल्या गेल्या तरी कपलर जास्त लागणार.

बरं, एवढ्याशा प्लॅस्टिकमध्ये अवघड काय आहे? इथे आजीच्या स्वयंपाकघरात जाऊ. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आतून कल्हई करायचे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. साध्या कपलरमधली पिनसुद्धा पितळेची किंवा तांब्याच्या दुसऱ्या मिश्रधातूची असते आणि तिच्यावरही कथलाचाच मुलामा असतो. फक्त भांडं फळीवर स्वस्थ बसतं, गाडी मात्र सतत थरथरते. त्या थरथरीने दोन पिना एकमेकींवर केसापेक्षाही कमी अंतर घासत राहतात. दर वेळी ताजा धातू उघडा पडतो, हवेने गंजतो, आणि त्याची बारीक पूड मधेच साचते. बाहेरून बघाल तर कपलर घट्ट बसलेलं, पण आत करंट अडखळतो. आज चालतं, उद्या चालत नाही, परवा परत चालतं, असला छळवादी बिघाड पुष्कळदा इथूनच येतो. म्हणून जिथे चूक परवडत नाही, अशा बऱ्याच ठिकाणी पिनांना सोन्याचा मुलामा देतात, कारण सोनं गंजत नाही.

एअरबॅगचं कपलर तर वेगळंच प्रकरण आहे. ते बहुतेक गाड्यांत पिवळं असतं. ते काढलं की आतली एक पत्ती दोन्ही पिना आपोआप एकमेकींना जोडून टाकते. का? तर अंगावरच्या स्टॅटिक विजेने एअरबॅग मेकॅनिकच्या तोंडावर फुटू नये म्हणून! मला हे कळलं तेव्हा त्या पत्तीबद्दल भलताच आदर वाटला.

इलेक्ट्रिक कारमध्ये इंजिन नाही, मग कपलर कमी लागतील असं वाटतं ना? तर तिथे 400 किंवा 800 व्होल्टची मोठी, महाग कपलर येतात, जाड नारिंगी केबलसकट. त्यांच्यातून मुख्य करंटशिवाय एक बारीक सर्किटही फिरवलेलं असतं. कपलर ओढायला लागलं की आधी ते बारीक सर्किट तुटतं, गाडीला इशारा जातो आणि बॅटरीकडून येणारा मोठा करंट बंद होतो. मुख्य पिना सुटतात त्या यानंतर. मार्केटमधला खरा पैसा इकडे सरकतोय.

हा पैसा मोजक्याच घरी जातो. टीई कनेक्टिव्हिटी, याझाकी, सुमितोमो, ॲप्टिव्ह, मोलेक्स, ॲम्फेनॉल, असे थोडेच मोठे. पैकी जपानची याझाकी आपल्या पुण्यातही आहे, आधी टाटांच्या भागीदारीत होती. 2012 मध्ये याच याझाकीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि 47 कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. गुन्हा काय, तर स्पर्धकांशी संगनमत करून वायरिंगचे वगैरे भाव आधीच ठरवून घेतले. खरेदीदार थोडे आणि विकणारेही थोडे असले की असले मोह होतात.

आणि हा माल अडला की काय होतं, ते मार्च 2022 मध्ये दिसलं. वायरी मऊ, लोंबकळणाऱ्या, रोबोटला नीट धरता येत नाहीत. म्हणून वायरिंगची जुडगी अजूनही बरीचशी हाताने बांधतात, आणि युरोपातल्या कंपन्यांनी हे काम युक्रेनला दिलं होतं. युद्ध सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यूच्या कारखान्यांत लाइन थांबल्या. स्टील होतं, इंजिनं होती, वायरिंग नव्हतं.

आता गंमत बघा. मार्केट वाढतंय, पण गाडी बनवणाऱ्यांना कपलर कमीच हवीत. डिसेंबर 2024 मध्ये टेस्लाने जाहीर केलं की एका गाडीत 200 च्या वर जोड लागतात, ते बहुतेक सगळे फक्त 6 प्रकारच्या कनेक्टरवर भागवता येतील, आणि बाकीच्या कंपन्यांनीही तेच वापरावेत. प्रकार कमी झाले तर रोबोटला काम जमेल, हा त्यामागचा हिशोब. दुसऱ्या कंपन्या ऐकतील का? मला शंका आहे. प्रत्येकाला आपलंच कपलर प्यारं.

त्याचा चटका मला परत बसला. दोन महिन्यांनी तेच कपलर पुन्हा गेलं, या वेळी कडीच तुटली. सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर नुसतं कपलर मिळत नाही म्हणे, आख्खी वायरिंग घ्या, काही हजार रुपये. मी दादांकडे परत गेलो. त्यांनी भंगारातल्या एका स्कूटरचं कपलर वीतभर वायरीसकट कापून आणलं आणि रंगाला रंग जुळवून जोडून दिलं. शंभर रुपये घेतले आणि वर दम दिला, "धुताना प्रेशरचं पाणी हँडलखाली मारू नका."