गिअर पडला होता का?

आमच्या बजाजनगरात गिअर म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाळूज एमआयडीसीतल्या कुठल्या ना कुठल्या कंपनीत प्रत्येक घरातलं एखादं तरी माणूस जातंच. कुणी प्रेसवर, कुणी सीएनसीवर, कुणी हीट ट्रीटमेंटला. मी स्वतः जवळजवळ तीस वर्षं गिअर तपासण्याचंच काम केलं. त्यामुळे शेजारच्या वहिनींनी मध्यंतरी एक प्रश्न विचारला, तो मला अगदी घरचा वाटला.

वहिनींचा मुलगा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नोकरीला आहे. चौदा दिवस काम, चौदा दिवस सुटी. प्रत्येक खेपेला जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरनं मुंबई हायला जायचं आणि तसंच परत यायचं. तो पोहोचल्याचा फोन येईपर्यंत वहिनींचं घरात लक्ष लागत नाही. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जन्मभर गिअर तपासले. त्या हेलिकॉप्टरचे गिअर कोण तपासतं हो? आणि नीट तपासतात ना?"

मी त्यांना जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर सांगतो.

स्कूटरचा गिअरबॉक्स बिघडला तर आपण काय करतो? गाडी रस्त्याच्या कडेला घेतो, ढकलत मेकॅनिककडे नेतो आणि कंपनीला चार शिव्या घालतो. हेलिकॉप्टरला कडेला घ्यायला रस्ता नसतो. समुद्रावरून जाणाऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरला इंजिनं दोन असतात. एक बंद पडलं तर दुसरं असतं. दोन्ही बंद पडली तरीही वैमानिकाच्या हातात एक उपाय उरतो. हेलिकॉप्टर खाली येताना खालून वर जाणाऱ्या हवेनं पंखा फिरत राहतो आणि त्या फिरण्याच्या जोरावर कौशल्यानं खाली उतरता येतं. पण या दोन्ही इंजिनांची ताकद जिथे एकत्र येते तो मुख्य गिअरबॉक्स एकच असतो. त्यातून वर जाणारा दांडाही एकच. तिथे जोडीदार नाही. म्हणून तिथली तपासणी वेगळी.

त्या डब्यात चालतं काय, तेही ऐकण्यासारखं आहे. 'ईसी २२५' नावाचं एक मोठं हेलिकॉप्टर घ्या. त्याच्या इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे येणारा वेग मिनिटाला सुमारे २३,००० फेऱ्यांचा. वरचा पंखा मात्र मिनिटाला सुमारे २६५ फेऱ्याच फिरतो. एवढा वेग कमी करायचा आणि त्याच वेळी काही टन वजन उचलण्याचा जोर तयार करायचा, हे सगळं एका माणसाला कवेत घेता येईल एवढ्या जागेत. त्यासाठी शेवटच्या टप्प्यात मधोमध एक गिअर असतो, त्याला 'सन' म्हणजे सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारे छोटे गिअर म्हणजे 'प्लॅनेट', ग्रह. या ग्रहांच्या बाहेरच्या अंगाला दाते असतात आणि आतल्या अंगावर बेअरिंगचे रोलर फिरतात. म्हणजे एकच तुकडा गिअरचंही काम करतो आणि बेअरिंगचंही. दोन्हीकडून ताण.

आता तपासणी. ती अनेक थरांची असते. पहिला थर रोजचा. उड्डाणापूर्वी तेलाची पातळी बघायची, गळती कुठे आहे का ते बघायचं. दुसरा थर ठरलेल्या तासांचा. गिअरबॉक्सच्या तेलात चुंबक लावलेले प्लग असतात. पोलाद झिजून त्याचे कण सुटले तर ते या चुंबकाला चिकटतात आणि वैमानिकासमोर दिवा लागू शकतो. तंत्रज्ञ हे प्लग काढून बघतात, फिल्टर उघडून बघतात, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. आपण रक्त तपासायला देतो ना, तसंच. तिसरा थर कंपनांचा. गिअरबॉक्सवर बसवलेले सेन्सर प्रत्येक उड्डाणात थरथर नोंदवतात आणि ती नेहमीपेक्षा बदलली का, हे संगणक सांगतो. चौथा थर म्हणजे ओव्हरहॉल. गिअरबॉक्स पूर्ण खोलायचा, धुवायचा आणि प्रत्येक गिअर चुंबकित करून त्यावर चमकणारं द्रावण सोडायचं. अंधाऱ्या खोलीत निळसर दिव्याखाली धरला की केसाएवढी चीरही हिरवी चमकून दिसते. आमच्या वाळूजला हीच पद्धत मॅग्नाफ्लक्स म्हणून ओळखली जाते. मी अशा दिव्याखाली हजारो गिअर पाहिले आहेत.

यापलीकडे एक नियम असा, की काही भागांचं आयुष्यच ठरवून दिलेलं असतं. इतके तास उडाला की तो भाग काढायचा. दिसायला नवाकोरा असला तरी काढायचा. कारण धातू थकतो, आणि थकवा बाहेरून दिसेलच असं नाही. त्यासाठी प्रत्येक भागाला नंबर असतो आणि त्याचं कार्ड असतं. कुठे बनला, कधी बसला, किती तास चालला, कुणी काढला, का काढला. आपल्याकडे नागरी हेलिकॉप्टरांवर देखरेख डीजीसीएची असते. मान्यताप्राप्त संस्थेनंच दुरुस्ती करायची आणि परवानाधारक इंजिनिअरनं सही केल्याशिवाय हेलिकॉप्टर उडवायचं नाही, असा नियम आहे. कागद हरवलेला भाग हा खराब भागासारखाच धरला जातो. कारण तो किती तास चालला, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं असताना अपघात होतात कसे? तीन उदाहरणं सांगतो. तिन्ही परदेशातली आहेत, पण समुद्रातल्या तेलाशी संबंधित, म्हणजे वहिनींच्या मुलासारख्याच माणसांची आहेत.

१ एप्रिल २००९. स्कॉटलंडजवळच्या समुद्रावरून सुपर प्यूमा जातीचं हेलिकॉप्टर तेलाच्या प्लॅटफॉर्मवरून परत येत होतं. ग्रह गिअर फुटला, गिअरबॉक्सचं कवच उघडलं, वरचा पंखा सुटला. आतले सोळाच्या सोळा जण गेले. तपासात निघालं की सातच दिवस आधी, २५ मार्चला, चुंबकी प्लगवर धातूचा एक कण सापडला होता. एकच कण. तो कशाचा आहे, यावर हेलिकॉप्टर चालवणारी कंपनी आणि बनवणारी कंपनी यांच्यात फोन झाले, ई-मेल झाले. त्या बोलण्यात गैरसमज राहिले. ग्रह गिअर असलेला भाग उघडून पाहिलाच गेला नाही. कण बोलला होता, पण त्याचं बोलणं कुणाला नीट समजलं नाही.

दुसरं उदाहरण त्याच वर्षीचं, १२ मार्चचं. कॅनडाच्या न्यूफाउंडलँडजवळ 'एस ९२' जातीचं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. सतरा जण गेले, एक वाचला. तिथे गिअर आधी फुटला नव्हता. गिअरबॉक्सच्या तेलाच्या फिल्टरचं भांडं तीन टायटॅनियमच्या स्टडांवर बसवलं होतं. त्यातले दोन तुटले, तेल वाहून गेलं आणि सुमारे अकरा मिनिटांत सगळं संपलं. हे स्टड कमजोर कसे झाले, ते ऐका. फिल्टर बदलायला भांडं पुन्हा पुन्हा काढलं-बसवलं जायचं आणि प्रत्येक वेळी आटे घासले जायचे. म्हणजे ज्या कामानं गिअरबॉक्स जपायचा, त्याच कामातून झीज होत होती. आधीच्या वर्षी ऑस्ट्रेलियात असाच प्रकार झाला होता. म्हणून बनवणाऱ्या कंपनीनं जानेवारी २००९ मध्ये स्टड बदला असं कळवलंही होतं. पण मुदत दिली होती एक वर्ष किंवा १,२५० उड्डाण तासांची. अपघात झाल्यावर तोच बदल पुढच्या उड्डाणाआधी करण्याचा हुकूम निघाला. आम्हा तपासणीवाल्यांना हे नीट कळतं. दोष माहीत असणं वेगळं आणि तो आजच काढायला हवा, हे पटणं वेगळं.

तिसरं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. २९ एप्रिल २०१६, नॉर्वेतलं टुरॉय बेट. मघाशी सांगितलेलं 'ईसी २२५' हेलिकॉप्टर. इथेही ग्रह गिअरच फुटला आणि तेरा जण गेले. या वेळी चुंबकी प्लगनं काहीच सांगितलं नव्हतं. तडा पृष्ठभागावर अगदी बारीक जागी सुरू झाला, मग आतल्या आत वाढत गेला. कण सुटलेच जवळजवळ नाहीत, तर चुंबकाला चिकटणार काय? म्हणजे पहिल्या अपघातात कण सापडूनही कळलं नाही, आणि इथे कळायला कणच नव्हता. त्यानंतर या जातीच्या हेलिकॉप्टरांची उड्डाणं थांबवली गेली आणि पुढे परवानगी देताना गिअरचं ठरलेलं आयुष्य कमी केलं गेलं.

याच अपघाताच्या अहवालात आणखी एक नोंद आहे. हा गिअरबॉक्स २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात रस्त्यानं नेत असताना वाहतुकीच्या अपघातात सापडला होता. तो बनवणाऱ्या कंपनीकडे गेला, तपासला गेला, दुरुस्त झाला आणि पुन्हा वापरात आला. त्या अपघाताचा आणि तड्याचा संबंध दाखवणारा प्रत्यक्ष पुरावा तपासात मिळाला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नसलेला संबंध जोडणं बरोबर नाही. पण ती नोंद वाचली आणि मी पुस्तक मिटल्यासारखा बसून राहिलो.

त्याचं कारण माझ्या स्वतःच्या आयुष्यातलं आहे. नव्वदच्या दशकात मी एका छोट्या वर्कशॉपात तपासनीस होतो. रात्रपाळी होती. माल पहाटे जायचा होता, टेम्पो फाटकात उभा. एक हेल्पर माझ्याकडे आला. नवीनच पोरगा, पैठणकडच्या कुठल्या तरी गावचा. म्हणाला, "साहेब, ट्रे पडला होता." मी विचारलं, "किती गिअर?" म्हणाला, "चाळीस-एक असतील. पुसून परत लावले." मी दहा-बारा उचलून दिव्याखाली फिरवले. दाते ठीक दिसले. मी म्हणालो, "दिसतंय ना ठीक? जाऊ दे." आणि वर त्यालाच झापलं, की नीट धरता येत नाही का.

दोन महिन्यांनी त्या लॉटमधून आवाजाची तक्रार आली. गिअर परत आले. एका दात्याच्या कडेला नखानं जाणवेल एवढा ठोका होता. दुचाकीचे गिअर होते. कुणाचं काही बिघडलं नाही, माल बदलून दिला, विषय संपला. पण त्यानंतर तो पोरगा मला कधीही काही सांगायला आला नाही. ते मात्र भरून काढता आलं नाही.

हेलिकॉप्टरच्या कामात हीच गोष्ट नियमातच लिहून ठेवलेली असते. जोरात उतरलं, पंख्याचं पातं कशाला आपटलं, इंजिनाचा जोर मर्यादेबाहेर गेला, तर दिसायला काही नसलं तरी खास तपासणी करायची. खाली पडलेला भाग आपल्या मनानं पुन्हा बसवायचा नाही. लाल चिठ्ठी लावायची आणि बाजूला ठेवायचा. काही महत्त्वाच्या जोडण्या एकानं बसवल्या की दुसऱ्यानं स्वतंत्र तपासून सही करायची. पण या सगळ्याची सुरुवात कुठून होते? कुणीतरी येऊन 'पडला होता' असं सांगण्यापासून. चुंबक, सेन्सर, निळा दिवा हे सगळं त्यानंतरचं. पडलेला भाग पडल्याचं कुठलंही यंत्र आपणहून सांगत नाही.

आपल्याकडचीही उदाहरणं आहेत. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचं 'ध्रुव' हेलिकॉप्टर मुंबईजवळ समुद्रात उतरवावं लागलं. वैमानिकानं ते पाण्यावर टेकवलं आणि तिघेही वाचले. ५ जानेवारी २०२५ रोजी तटरक्षक दलाचं 'ध्रुव' पोरबंदरला कोसळलं, तिघे गेले. तिथे स्वॅशप्लेट हा भाग तुटल्याचं पुढे आलं. हा भाग गिअरबॉक्सचा नव्हे. वैमानिकाच्या हातातली हालचाल फिरत्या पंख्यापर्यंत नेणारी ती चकती. पण गिअरबॉक्ससारखीच ती एकटी, तिला जोडीदार नाही. त्यानंतर देशातली सगळी 'ध्रुव' हेलिकॉप्टरं जमिनीवर उभी केली गेली. तिनशेहून अधिक हेलिकॉप्टरं थांबवणं सोपं नसतं. सीमेवर, डोंगरात, समुद्रावर कामं अडतात. टेम्पो फाटकात उभा असताना 'थांबा' म्हणणं किती कठीण असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून ज्यांनी ते म्हटलं, त्यांचं मोल मी जाणतो.

वहिनींना मी शेवटी एवढंच म्हणालो, "वहिनी, तपासणारे आहेत, शिकलेले आहेत आणि नियम माझ्या कामापेक्षा शंभरपट कडक आहेत. हेलिकॉप्टर उशिरा सुटलं आणि पोरगा चिडून फोन करायला लागला, तर त्याला म्हणा, चिडू नकोस. कुणीतरी काहीतरी सांगितलं असेल आणि कुणीतरी ते ऐकून घेतलं असेल."

आज वाळूजच्या कंपन्यांत जे तरुण तपासणीच्या टेबलावर बसतात, त्यांनाही माझं सांगणं हेच. समोरचा हेल्पर 'ट्रे पडला' म्हणत आला, तर पहिल्यांदा त्याला धन्यवाद म्हणा. ट्रे नंतर बघा. मला ते त्या रात्री सुचलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)