काळा पाषाण : घडण आणि बदल



एखादी गोष्ट कधीही बदलणार नाही, हे सांगताना मराठीत आपण तिला ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. भूशास्त्राचा अभ्यासक मात्र रेघेपेक्षा दगडाकडे पाहतो, आणि त्याला तो दगडच बदलताना दिसतो. अग्निज, स्तरित आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार तुम्ही शालेय भूगोलात पाठ केले असतील. ती तीन निरनिराळी घराणी आहेत, असा समज मात्र करून घेऊ नये. एकाच द्रव्याच्या दीर्घ प्रवासातील त्या तीन अवस्था आहेत. प्रस्तुत घटकात हा प्रवास आपण महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या आधारे समजून घेणार आहोत.

थरावर थर

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्या जागेच्या बराच दक्षिणेस होता. त्या काळी भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला. येथे शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी पर्वत डोळ्यांसमोर आणू नये. हा लाव्हा प्रवाही असल्याने दूरवर पसरला आणि थिजला. काही काळाने त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर आढळतो आणि महाराष्ट्राचा जवळजवळ चार पंचमांश भाग त्याने व्यापला आहे. घाटातून जाताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात, याचे उत्तर या थरांत आहे. या खडकाला दिलेले ‘ट्रॅप’ हे नावही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे.

प्रत्येक थर आतून सारखा नसतो, हे नीट लक्षात घ्यावे. पुढील विवेचन त्यावरच अवलंबून आहे. थराचा मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट व भरीव असतो. थंड होताना तो आकसतो आणि त्याला उभे तडे जातात. मुंबईत अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडीचे उंच खांब अशाच तड्यांमुळे तयार झाले आहेत. थराच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून राहतात, त्यामुळे तेथे खडक सच्छिद्र होतो. पुढे या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली खनिजे साचतात. पुणे, नाशिक, जळगाव या परिसरांत सापडणारे झिओलाइटचे सुंदर स्फटिक अशा पोकळ्यांतलेच आहेत.

दोन उद्रेकांमधल्या शांत काळात काही ठिकाणी तळी साचली, त्यांत गाळ बसला आणि जीवही वाढले. मुंबईतील अशा गाळाच्या थरांत बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. म्हणजे अग्निज खडकांच्या दोन थरांमध्ये स्तरित खडकाचे एक पान सापडते!

खडकाचे कुजणे

बेसाल्टमधील फेल्स्पार, पायरॉक्सिन ही खनिजे हजार अंशांच्या आसपासच्या तापमानात घडलेली असतात. भूपृष्ठावरील ओलावा आणि हवा त्यांना मानवत नाही. पावसाचे पाणी तड्यांतून आत शिरते, खनिजांचे रासायनिक विघटन होते आणि कठीण खडकाचा ठिसूळ मुरूम बनतो. या क्रियेस विदारण म्हणतात.

एकाच खडकातून पुढे काय निपजेल, हे बरेचसे पावसावर ठरते. मराठवाडा व विदर्भ या तुलनेने कमी पावसाच्या प्रदेशांत खडकातील चुना व इतर द्रव्ये पूर्णपणे धुऊन जात नाहीत. तेथे पाण्याने फुगणारी चिकणमाती तयार होते. उन्हाळ्यात भेगाळणारी कापसाची काळी जमीन ती हीच. याउलट कोकणात आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर मुसळधार पावसाने सिलिका, चुना इत्यादी द्रव्ये दीर्घकाळ वाहून गेली. मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरली आणि तांबडा जांभा घडला. खाणीतून काढताना जांभा तुलनेने मऊ असतो आणि हवेत सुकला की कठीण होतो; कोकणातील घरांचे चिरे म्हणूनच सहज तासता येतात. एकाच काळ्या पाषाणातून कोठे कपाशीचे शेत निघाले, तर कोठे घराची भिंत.

सुटलेला गाळ नद्या वाहून नेतात. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी गोदावरी दख्खनच्या बेसाल्टची माती आंध्र प्रदेशातील त्रिभुज प्रदेशापर्यंत पोहोचवते. तेथे ती गाडली जाऊन घट्ट झाली की भविष्यातील स्तरित खडक होईल. तोच खडक पुढे भूकवचात खोल गेला, तर उष्णता व दाब यांमुळे त्याचे रूपांतर होईल. असे रूपांतर पाहण्यासाठी मात्र अधिक जुन्या प्रदेशांकडे वळावे लागते. कर्नाटकातील धारवाड प्रदेशात २५० कोटी वर्षांहून जुना बेसाल्ट हिरवट रूपांतरित खडकांच्या स्वरूपात आढळतो. नागपूर-भंडारा भागातील मँगनीजही प्राचीन गाळांच्या रूपांतरातून बनलेल्या खडकांत मिळते.

विहिरीतील खडक

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अभंग, भरीव बेसाल्टमध्ये पाणी जवळजवळ साठत नाही आणि त्यावर पीकही उभे राहत नाही. पाणी असते ते मुरमात, तड्यांत आणि एकमेकींना जोडलेल्या पोकळ्यांत. विहीर खणताना ‘कातळ लागला’ असे म्हणतात, त्यात निराशा असते ती यामुळेच. खडकाच्या टिकण्याचे आपल्याला कौतुक वाटते. दख्खनच्या शेतकऱ्याचे पोट मात्र त्याच्या कुजण्यावर चालते.

रस्त्याच्या भरावासाठी टेकडीच्या पायथ्याचा मुरूम खरवडला जातो, तेव्हा पावसाचे पाणी जिरवून ठेवणारा थरच जातो. विदारणाने तो पुन्हा तयार होईल, हे खरे. पण त्याला लागणारा काळ मानवी पिढ्यांच्या हिशेबात बसत नाही.

कृती : तुमच्या परिसरातील न बांधलेली विहीर किंवा रस्त्यासाठी कापलेली दरड सुरक्षित अंतरावरून पाहा. माती, मुरूम, तडे गेलेला खडक आणि भरीव कातळ यांचा क्रम व अंदाजे जाडी वहीत नोंदवा. पाणी कोणत्या थरातून पाझरते, हे दिवाळीनंतर एकदा आणि चैत्रात पुन्हा एकदा पाहून दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहा.