दोन अठ्ठ्या आणि संभाव्यतेचा हिशोब

अर्धवट थांबलेल्या खेळातील पैसे खेळाडूंत न्यायाने कसे वाटावेत? या प्रश्नावर पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी १६५४ साली पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यतेचे गणित आकाराला आले. पोकरच्या स्पर्धेत हाच प्रश्न आजही पडतो. अशा स्पर्धांपैकी लास व्हेगास येथे १९७० साली सुरू झालेली स्पर्धा विशेष प्रसिद्ध आहे.

या खेळाच्या 'टेक्सास होल्डेम' प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग मध्ये प्रथम तीन, नंतर एक व शेवटी एक असे पाच पत्ते सर्वांसाठी उघडले जातात. प्रत्येक टप्प्यावर चकत्यांची बोली लागते. चकत्या संपल्या की खेळाडू बाद.

समजा, तुम्हाला दोन अठ्ठ्या आल्या. कोणतीही जोडी सरासरी १७ डावांत एकदाच येते, म्हणून आनंद होणे साहजिक आहे. पण उरलेल्या ५० पत्त्यांत नव्वी ते एक्का असे २४ पत्ते अठ्ठीहून मोठे आहेत. ५० पत्त्यांतून तीन पत्ते १९,६०० प्रकारे निघू शकतात. त्यांत एकही मोठा पत्ता नाही, असे प्रकार फक्त २,६००. म्हणजे १०० पैकी सुमारे ८७ वेळा निदान एक मोठा पत्ता उघडतो आणि प्रतिस्पर्ध्याची जोडी वरचढ होण्याची भीती उभी राहते. निदान एक अठ्ठी मध्ये येण्याची शक्यता मात्र १२ टक्क्यांहूनही थोडी कमी असते. म्हणूनच जाणते खेळाडू मधल्या जोडीवर थोड्या चकत्या लावून तीन पत्ते पाहतात आणि अठ्ठी न आल्यास बहुधा डाव सोडतात.

आता खरी कसोटी पाहू. चार खेळाडू उरले आहेत, चकत्या समान आहेत. बक्षिसे ५०, ३० व २० रुपये. चौथ्याला काही नाही. सर्वांची स्थिती सारखी, म्हणून प्रत्येकाचा वाटा २५ रुपये. एकाने सर्व चकत्या लावल्या. त्याच्याकडे एक्का व राजा आहे असे धरले, तर अठ्ठ्यांची जोडी सुमारे ५५ टक्के वेळा जिंकते. मग उतरावे का?

जिंकलात तर तो बाद होईल आणि उरलेल्या तिघांच्या चकत्या २ : १ : १ अशा होतील. पहिले येण्याची संभाव्यता चकत्यांच्या प्रमाणात मानू. मग तुम्ही पहिले येण्याची १/२, दुसरे येण्याची १/२ × २/३ = १/३ आणि तिसरे येण्याची १/६. वाटा झाला २५ + १० + ३.३३ = ३८.३३ रुपये. चकत्या दुप्पट झाल्या, वाटा मात्र दीडपटीच्या थोडा वरच राहिला!

हरलात तर शून्य. म्हणून ३८.३३ × ०.५५ = सुमारे २१ रुपये. डाव सोडला तर जवळजवळ २५ रुपयांचा वाटा हातात राहतो. उतरणे परवडण्यासाठी जिंकण्याची संभाव्यता ६५ टक्क्यांच्या वर हवी. शिवाय त्याच्याकडे राण्यांची जोडी असली, तर तुम्ही पाच वेळांत जेमतेम एकदा जिंकाल.

यश अपयशापेक्षा अधिक संभाव्य आहे, एवढ्यावर निर्णय घेता येत नाही. काय मिळेल आणि काय जाईल, याने संभाव्यतेला गुणावे लागते. विमा, शेती, औषधोपचार, सर्वत्र हाच हिशोब लागू पडतो.

हे पडताळायला पैसे लागत नाहीत. कॅटमधून दोन अठ्ठ्या बाजूला काढा. उरलेले पत्ते नीट पिसून वरचे तीन उघडा. वर्गात सर्वांनी मिळून हे १०० वेळा करा आणि मोठा पत्ता किती वेळा आला ते मांडा. तुमचा आकडा ८७ च्या किती जवळ येतो?