दारावरचा डोळा

क्रांती चौकातून आमच्या गल्लीकडे वळलात, की दर दोन-तीन घरांआड एक पांढरा डोळा तुमच्याकडे बघतो. मागच्या दिवाळीत आम्हीही तो बसवला. मुलं बाहेरगावी, घरी आम्ही दोघंच. बिनवायरचा, बॅटरीवरचा कॅमेरा. तासाभरात काम झालं. तत्त्वज्ञान वगैरे तेव्हा काही आठवलं नाही!

आधी यंत्र समजून घेऊ. असा कॅमेरा बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याला जागं करतो तो उष्णता टिपणारा सेन्सर. नेमकं सांगायचं तर माणूस आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक तो टिपतो. आता आपला मे महिना आठवा. पारा चाळिशीपार, भिंत माणसाच्या अंगाइतकीच तापलेली. मग फरक उरतो किती? भर दुपारी आलेला कुरिअरवाला आमच्या कॅमेऱ्याला दिसलाच नाही, रात्रीची मांजर मात्र रोज दिसते. शिवाय सरळ अंगावर येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस याला लवकर कळतो. म्हणून तो फाटकाच्या अगदी समोर न लावता जरा बाजूला लावावा, आणि सावलीत. बॅटरीलाही ऊन सोसत नाही. आणि हो, पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसनं कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले कॅमेरे नि राऊटर मोठ्या संख्येनं ताब्यात घेतले होते.

पण आमची खरी अडचण निराळीच निघाली. समोरच्या वहिनी संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडत बसायच्या. त्या दिसेनाशा झाल्या. आमच्या सौ.नी विचारलं, तर म्हणाल्या, "तुमच्या फोनात रोज दिसायचं, त्यापेक्षा आतच बरं." आम्ही फोन उघडून पाहिला. अर्धी चौकट त्यांच्याच ओट्याची!

गंमत अशी, की आम्ही ते चित्रण कधी पाहिलंही नव्हतं. बेंथमनं १७९१ साली तुरुंगाचा एक आराखडा छापला. मधल्या मनोऱ्यातला पहारेकरी कैद्यांना दिसत नाही, म्हणून तो नसला तरी कैदी वचकून राहतात. १९७५ मध्ये फुकोनं हाच आराखडा आधुनिक सत्तेचा नमुना म्हणून मांडला. वर्षानुवर्षं आम्ही हे वर्गात शिकवलं, आणि मनोरा बांधला तो आमच्याच दारावर.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मात्र २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यातून व्यक्तीनं वैयक्तिक वा घरगुती कामासाठी केलेला वापर वगळलेला आहे. इंग्लंडात २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयानं शेजारणीच्या बाजूनं निकाल दिला. तिथं चित्रापेक्षाही दूरवरचा आवाज टिपला जाणं जास्त खटकलं. म्हणून आम्ही आधी माइक बंद केला. मग कॅमेरा खाली वळवला. चौकटीचा नको तो भाग काळा करण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, ती वापरून ओटा झाकला आणि फोन वहिनींना नेऊन दाखवला.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "ओटा गेला ते बरं झालं, भाऊजी. पण आमची स्कूटर डावीकडं असते, तेवढी दिसू द्या की!"