घाटावर चालते, धारेत दम सोडते
पूरबोटीच्या इंजिनाची परीक्षा पावसाआधीच घ्या

रोहिणी निघाल्या की कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठच्या गावांत एक काम ठरलेले असते. ग्रामपंचायतीची बोट बाहेर काढायची, मागे इंजिन टांगायचे आणि घाटावर दोरी ओढायची. इंजिन धरले, पाच मिनिटे फुटफुटले की "चालतंय की! ठेवा झाकून" म्हणून सगळे मोकळे. रजिस्टरला 'बोट सुस्थितीत' असा शेराही पडतो.

पण घाटावर चालणारे इंजिन धारेत चालेलच असे नाही. बोटीत माणसे भरली, मूठ पूर्ण पिळली की मिनिट-दोन मिनिटे जोरात पळते आणि मग धापा टाकू लागते. मूठ सोडली की पुन्हा सुरळीत. २००५ आणि २०१९ चा महापूर पाहिलेल्यांना धारेत इंजिन बसणे म्हणजे काय, हे सांगायला नको. बोटीच्या एका फेरीवर किती जिवांचा भार असतो, हे ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला (ता. पलूस) बोट उलटली तेव्हा सगळ्यांनीच पाहिले.

असे का होते? पाट अर्धवट तुंबला तरी दोन सऱ्यांना पाणी पुरते. सगळे वावर भिजवायला गेले की शेवटच्या सरीला पोचत नाही. इंजिनाचेही तसेच. हळू चालताना पेट्रोल थोडे लागते, ते मिळते. पूर्ण वेगात मागणी वाढते. कार्ब्युरेटरमध्ये साठलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन पळते, मग उपाशी पडते.

आधी आवाज ऐका

इंजिनाचा आवाज चढतो, पण बोट पुढे जात नाही, तर दोष पंख्याकडे. पंख्याच्या मधला रबरी बुश सरकत असेल, किंवा इंजिन फार वर टांगल्याने पंखा हवा ओढत असेल. जलपर्णी, पोत्याचे सूत, प्लास्टिक गुंडाळले आहे का, हे तर पहिल्यांदा बघावे. मात्र पंख्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून सुरक्षेची दोरी काढून घ्या.

आवाजच बसत असेल तर बहुधा पेट्रोल कमी पडते. अशा वेळी थेट कार्ब्युरेटर खोलायला बसू नका. बिनखर्चाच्या गोष्टी आधी बघा.

१) टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल ओढले जात नाही. ही चूक सर्रास होते.

२) पेट्रोलची नळी पायाखाली, डब्याखाली दबली आहे का? चिरली आहे का? जोड नीट बसले आहेत का?

३) नळीवरचा रबरी फुगा. इंजिन दमू लागले की दुसऱ्या माणसाने तो दाबून बघावा. फुगा चपटा झाला असेल तर अडथळा टाकी ते फुगा यामध्ये. दाबल्यावर इंजिन पुन्हा जोर धरत असेल तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा गेला आहे किंवा नळी हवा ओढते आहे. फुगा कडक आहे आणि दाबूनही फरक नाही, तर कार्ब्युरेटरचा जेट किंवा प्लग बघावा लागेल. त्यासाठी मिस्त्री बोलवा.

४) फिल्टर काढून बघा. टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते ओल धरते आणि पाणी जास्त झाले की पेट्रोलपासून सुटून त्यासह तळाला बसते. म्हणून गेल्या वर्षीचे पेट्रोल या वर्षी वापरू नका.

५) टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलचे माप अंदाजाने नको. पुस्तिकेत पन्नासास एक लिहिले असेल तर लिटरला २० मिली. कमी पडले तर इंजिन जाम होते, जास्त झाले तर प्लग काळा पडतो. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक प्लग गेला तरी इंजिन चालते, पण ओढत नाही.

मागून येणारी पाण्याची बारीक धारही बघत राहा. ती बंद झाली तर इंजिन लगेच थांबवा. पाणी ओढण्याची जाळी गाळाने बुजली असेल. काही इंजिने तापली की आपोआप वेग कमी करतात. इंजिन कोरडे मात्र चालवू नका, आतल्या पाणीपंपाचा रबरी पंखा थोड्याच वेळात जळतो.

भरल्या बोटीने तपासा

हा दोष घाटावर दिसतच नाही. म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी पाऊस लागण्याआधी एक सकाळ राखून ठेवावी. संथ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, बोटीच्या क्षमतेइतक्या वजनाची वाळूची पोती भरून पंधरा मिनिटे पूर्ण वेगात बोट चालवावी. काय बिघडले, काय बदलले, ते तारखेसह लिहावे. पूर ओसरला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करूनच इंजिन ठेवावे.

'बोट सुस्थितीत' हा शेरा त्या पंधरा मिनिटांनंतरच मारावा. आभाळ फाटल्यावर मिस्त्री शोधत फिरायची वेळ कुठल्याच गावावर येऊ नये.